रस्त्यावरचा कुत्रा घरात येतो तेव्हा

भारतात दत्तक घेतला जाणारा कुत्रा बहुतेक वेळा गावठी असतो. प्राणिमित्रांच्या बोलण्यात तो आता ‘इंडी’ झाला आहे. मध्यम चण, आखूड केस, उभे किंवा टोकाशी मुडपलेले कान, पाठीवर वळलेली शेपूट आणि साधारण पंधरा ते पंचवीस किलो वजन अशी त्याची ठेवण. २०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री नोंदली गेली. त्यांपैकी पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात होती. ही कुत्री मालकाविना जगतात, पण माणसाविना नव्हे. चहाची टपरी, मटणाचे दुकान, कचऱ्याची पेटी, रात्रपाळीचा वॉचमन यांच्या आधारावर त्यांचा दिवस निघतो. अशा जगातून कुत्रा उचलून फ्लॅटमध्ये आणला की त्याच्या पोटाची सोय होते आणि त्याच वेळी त्याचे सगळे ओळखीचे जग एका दिवसात सुटते. घरात रुळताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात, आणि त्यांवरचे उपायही.

कुत्र्याला दारात घास घालणे महाराष्ट्राला नवे नाही. जेजुरीच्या खंडोबासोबत कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी चार असतात, आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर घरोघरी माहीत आहेत. मुंबईत १८३२ साली ब्रिटिश अंमलदारांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाजाने दुकाने बंद ठेवून फोर्टातले व्यवहार थांबवले होते. पण दारात घास घालणे वेगळे आणि एका छपराखाली राहणे वेगळे. गावच्या अंगणात कुत्र्याला हवे तेव्हा येता-जाता येई, माणसापासून किती अंतरावर बसायचे हे तोच ठरवी. शहरातल्या घरात दार बंद असते. ते अंतर ठरवण्याची मुभा त्याला पुन्हा कशी मिळवून द्यायची, हा रुळवण्याच्या कामाचा गाभा आहे.

सुरुवात मात्र त्याच्या आधी होते: कोणत्या कुत्र्याला घराची गरज आहे? रस्त्यावरच्या प्रत्येकाला ती नसते. एखाद्या गल्लीत चार-पाच वर्षे राहिलेला, नसबंदी आणि लस झालेला, तिथल्या लोकांकडून खायला मिळणारा प्रौढ कुत्रा त्याच्या परीने सुस्थितीत असतो. त्याला चौथ्या मजल्यावर नेऊन साखळीला बांधण्यात त्याचे भले नाही. घर हवे असते ते आईवेगळ्या पिल्लांना, अपघातात पाय गमावलेल्यांना, आंधळ्यांना, आणि मालकांनी सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्यांना. यात लॅब्राडॉर असतात, थंड मुलखातले हस्की आणि सेंट बर्नार्डही असतात. या टाकलेल्या कुत्र्यांना रस्त्यावर जगण्याचे कसब नसते, म्हणून त्यांची निकड सर्वांत मोठी.

पिल्लांच्या निकडीविषयी कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम डोळे उघडणारे आहे. त्यांनी भटक्या कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांचा माग ठेवला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार जेमतेम १९ टक्के पिल्ले वयात येईपर्यंत टिकली, आणि त्यांच्या नोंदीतल्या ६३ टक्के मृत्यूंमागे या ना त्या प्रकारे माणसाचा हात होता. पावसाळ्यात पार्किंगमध्ये सापडलेले पिल्लू उचलून घेण्याची ऊर्मी त्यामुळे चुकीची नाही. फक्त आई जवळपास आहे का, हे काही तास लांबून पाहावे. ती अन्नाच्या शोधात गेलेली असते आणि बहुधा परतते. दूध पिणारे पिल्लू आईपासून तोडले की ते वाचवणे अवघड होते. ते सात-आठ आठवड्यांचे झाल्यावर घरी नेणे उत्तम.

पिल्लू की मोठा कुत्रा, यावर लोक बहुधा पिल्लाच्या बाजूने कौल देतात. त्याला शास्त्रीय आधारही आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत केलेल्या आणि १९६५ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या अभ्यासातून दिसले की तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन नव्या गोष्टी सहज स्वीकारते. या काळात माणसाचा हात, लहान मुलांचा गलका, स्कूटरचा आवाज ओळखीचा झाला तर तो पुढे धसका देत नाही. ज्याने हा काळ माणसांपासून दूर काढला, तो मोठेपणी बुजरा राहण्याचा संभव जास्त. तरीही नोकरी करणाऱ्या जोडप्यासाठी किंवा साठी उलटलेल्यांसाठी तीन-चार वर्षांचा शांत कुत्राच अधिक सोयीचा. पिल्लू दर दोन तासांनी बाहेर न्यावे लागते, चपला कुरतडते आणि पुढे कसे होईल याचा अंदाज देत नाही. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव डोळ्यांसमोर असतो. कुत्री दत्तक देणाऱ्या संस्थेत एकदाच जाऊन निवड करण्यापेक्षा वेगवेगळ्या वेळी दोन-तीन फेऱ्या माराव्यात, आणि तो जेवताना, दुसऱ्या कुत्र्यांत, अनोळखी माणूस समोर आल्यावर कसा वागतो हे पाहावे. काही संस्था कुत्रा आधी काही दिवस तात्पुरत्या घरी देतात. अशा घरातून आलेल्या कुत्र्याबद्दल जास्त खात्रीची माहिती मिळते.

घरी आणण्याआधी किंवा आणल्याच्या दिवशी पशुवैद्याकडे जाणे टाळू नये. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी झाली आहे असे समजायचे. ती खूण पालिकेच्या शस्त्रक्रिया कार्यक्रमात मुद्दाम केलेली असते. खाच नसेल तर नसबंदीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. मादीत त्यामुळे गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. वयात आलेल्या नर-मादीच्या जननेंद्रियातून रक्ताचे थेंब पडत असतील तर समागमातून पसरणाऱ्या गाठीची शंका घ्यावी. भटक्या कुत्र्यांत ती नेहमी दिसते आणि सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या औषधाने बहुतांशी पूर्ण बरी होते, त्यामुळे असा कुत्रा नाकारण्याचे कारण नाही.

पिल्लांच्या बाबतीत खरी भीती पार्व्होची. आणताना टुणटुणीत असलेले पिल्लू चौथ्या-पाचव्या दिवशी मलूल होते, उलट्या करते, रक्ताचे जुलाब सुरू होतात. विषाणू आधीच अंगात असतो, घर बदलल्याने तो आलेला नसतो. अशा वेळी घरगुती उपायात घालवलेला एक दिवससुद्धा महाग पडतो; लगेच सलाइन लावले तर पिल्लू वाचू शकते. हा विषाणू फरशीवर आणि मातीत कित्येक महिने टिकतो. ज्या घरात नुकतेच पार्व्होने पिल्लू गेले आहे, तिथे लस न झालेले दुसरे पिल्लू आणू नये. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लस सुरू होते, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत मात्रा चालतात, आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात. जंतांचे औषध पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावे लागते, कारण पहिल्या मात्रेतून अंडी-अळ्या सुटतात.

मोठ्या कुत्र्यांत गोचीडताप. बोटांच्या बेचक्यांत, कानाच्या आत, शेपटीखाली चिकटलेल्या गोचिडी रक्तातून एर्लिकिया आणि बबेसिया या जंतूंची लागण करतात. खाणे कमी होणे, हिरड्या फिकट पडणे, ताप, कधी नाकातून रक्त ही त्याची लक्षणे. रक्त तपासले की निदान होते आणि वेळीच गोळ्या सुरू केल्या तर कुत्रा सुधारतो. मात्र तपकिरी गोचीड अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत अंडी घालते. एकदा अंगावरच्या गोचिडी काढून भागत नाही. महिन्याच्या महिन्याला गोळी किंवा मानेवर टाकायचे औषध चालू ठेवावे लागते. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो, आणि तो कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. लसीच्या यादीत तो आहे ना, हे विचारून घ्यावे. घरातल्या औषधांच्या डब्यातली गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. माणसाला दुखण्यावर चालणारी आयबुप्रोफेन त्याचे मूत्रपिंड निकामी करू शकते.

तपासणी झाली, आता घर. आत येणाऱ्या कुत्र्याला सर्वांत आधी लपायला जागा हवी असते. दिवाणखान्याच्या मध्यावर ठेवलेली नवीकोरी गादी माणसाला छान वाटते, पण त्याला तिथे चारी बाजूंनी उघडे पडल्यासारखे होते. टेबलाखाली, कपाटाशेजारी, तीन बाजू बंद असलेला एखादा कोपरा निवडून तिथे जुनी चादर घालावी. गुळगुळीत टाइल्स हा मोठा अडसर ठरतो. मातीवर आणि डांबरावर वाढलेल्या पायांना चकचकीत फरशीवर पकड मिळत नाही. नखे घसरतात, कुत्रा पाय फाकवून उभा राहतो आणि पुढे यायलाच तयार होत नाही. कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत सतरंजी किंवा जुने गालिचे घातले की त्याची चाल बदलते. बाल्कनीला जाळी नसेल तर ती आधी बसवावी. घाबरलेला कुत्रा उंचीचा विचार करत नाही.

पहिल्या दिवसाचे चित्र बहुतेक घरांत सारखेच असते. रिक्षातून उतरवलेला कुत्रा इमारतीच्या दारात चारी पाय रोवून थांबतो. लिफ्टचे दार सरकले की मागे ओढ घेतो. शेवटी कोणीतरी त्याला चादरीत गुंडाळून उचलते. घरात ठेवल्याबरोबर तो भिंतीला धरून चालत जातो आणि दिवाणाखाली किंवा बाथरूमच्या दाराआड अंग चोरून बसतो. कुकरची शिट्टी झाली की दचकतो, पंख्याकडे टक लावून पाहतो, समोर ठेवलेल्या भाताला तोंड लावत नाही. शी-शू तर कित्येक तास होतच नाही. घरातले सगळे भोवती गोल करून बसलेले असतात, शेजारची मुले ‘नवीन कुत्रा’ बघायला आलेली असतात, प्रत्येकजण हात पुढे करून त्याला बोलावत असतो. माया उतू जात असते, आणि नेमकी तीच त्या घटकेला त्याला जड होते. पाहुणे परत पाठवावेत, टीव्ही लहान करावा, पाणी आणि थोडे खाणे त्याच्या जवळ ठेवून माणसांनी आपापल्या कामाला लागावे. रात्री दिवे मालवल्यावर तो उठतो, दारातल्या चपला एकेक करून हुंगतो, पाणी पितो, घराचा एक फेरा मारतो. ओळख तिथून सुरू होते.

ही अवस्था केवळ दिसण्यापुरती नसते. अमेरिकेतल्या ओहायोतील राइट स्टेट विद्यापीठाचे मायकेल हेनेसी यांनी १९९७ मध्ये दाखवले की निवाऱ्यात नुकत्याच आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक पहिल्या तीन दिवसांत घरगुती कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. २०१९ मध्ये लिसा गंटर आणि सहकाऱ्यांनी पाहिले की निवाऱ्यातला कुत्रा एक-दोन रात्री कोणाच्या घरी झोपायला नेला की हे प्रमाण उतरते, आणि परत आणला की पुन्हा चढते. ताण शरीरात उतरलेला असतो, तो समजावण्याने जात नाही. शांत झोपेने आणि रोज त्याच वेळी त्याच गोष्टी घडण्याने उतरतो.

रेस्क्यूच्या कामातले लोक ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा हिशोब सांगतात: पहिले तीन दिवस धसक्याचे, तीन आठवडे घराचे वेळापत्रक कळण्याचे, तीन महिने हे घर आपलेच असे वाटण्याचे. हा अनुभवातून आलेला आडाखा आहे, कुठल्या प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. काही कुत्री आठवड्यात सोफ्यावर चढतात, काहींना वर्ष लागते. त्याचा खरा उपयोग एका गैरसमजावर आहे. पहिल्या आठवड्यात कुत्रा आवाज करत नाही, हलत नाही, कोणी हात लावला तरी निमूट राहतो, आणि घरचे ‘किती शहाणा आहे’ म्हणून खूश होतात. तिसऱ्या आठवड्यात तोच बेल वाजली की भुंकू लागतो, सोफ्यावरून उठवले तर गुरगुरतो, उशी फाडतो. ‘आधी बरा होता, आता बिघडला,’ अशी तक्रार येते. वस्तुस्थिती उलटी असते. आधी तो भीतीने गोठलेला होता. आता धीर आल्यामुळे त्याचा खरा स्वभाव दिसू लागला. शिकवण्याचे काम इथून पुढे सुरू होते. नेमक्या याच टप्प्यावर बरीच कुत्री परत केली जातात, याचे वाईट वाटते, कारण एवढे दिवस निघाले की अवघड भाग जवळपास संपलेला असतो.

बुजऱ्या कुत्र्याचा विश्वास मिळवण्याची एक रीत फार कामाची आहे. त्याच्या कोपऱ्यापासून सात-आठ फुटांवर, त्याच्याकडे तोंड न करता, बाजूला वळून जमिनीवर बसावे. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे हातात ठेवावेत आणि एक तुकडा त्याच्या पलीकडे, म्हणजे माणसापासून दूर जाईल असा टाकावा. तो मागे वळून खातो. पुन्हा एक टाकावा. घास मिळवायला माणसाजवळ यावे लागत नाही, उलट लांब जाऊन खाता येते, हे कळले की थोड्याच वेळात तो स्वतःहून दोन पावले पुढे येऊन उभा राहतो. हातातून खाऊ घालण्याची घाई करू नये. भुकेपोटी पुढे आलेला कुत्रा तोंडात घास आल्यावर आपण किती जवळ आलो हे पाहून दचकतो, आणि तेव्हा चावाही बसू शकतो. पाच मिनिटे झाली की उठून जावे. दिवसातून तीन-चारदा असे केले की बरीच कुत्री आठवड्याभरात शेजारी येऊन बसतात. आधी उल्लेख आलेल्या कोलकात्याच्या गटानेच २०१७ मध्ये दाखवले की अनोळखी माणूस वारंवार भेटला, तर रस्त्यावरची कुत्री खाऊ देणाऱ्यापेक्षा कुरवाळणाऱ्याकडे अधिक ओढीने जातात. अर्थात ती कुत्री मोकळी होती, जायचे की नाही हे तीच ठरवत होती.

हात लावायचा तर तो डोक्यावरून नको, छातीखालून किंवा खांद्याला. तीन-चार सेकंद कुरवाळून थांबावे. कुत्रा पुढे सरकून नाक खुपसत असेल तर चालू ठेवावे. तोंड फिरवले, ओठ चाटले, जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, अंग ताठ झाले तर हात मागे घ्यावा. या खुणा घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, शिकवल्या पाहिजेत. गुरगुरणे हा कुत्र्याचा शेवटचा सभ्य इशारा असतो. त्यावर ओरडून किंवा मारून तो बंद पाडला, तर पुढच्या वेळी तो इशारा न देता थेट चावतो. जेवताना आणि झोपलेला असताना मुलांनी त्याच्या अंगाला हात लावू नये, गळ्यात पडू नये, हा नियम घरात अपवादाशिवाय पाळावा.

बाहेर नेण्यातला सर्वांत मोठा धोका म्हणजे निसटणे, आणि तो पहिल्या पंधरवड्यात जास्त असतो. साध्या पट्ट्यात कुत्रा घाबरला की मागे ओढ घेतो, डोके खाली घालतो आणि पट्टा कानांवरून सरकून हातात राहतो. म्हणून छातीला बसणारा हार्नेस आणि गळपट्टा असे दोन्ही घालून प्रत्येकाला वेगळी दोरी लावावी. गळपट्ट्याच्या बिल्ल्यावर फोन नंबर कोरलेला असावा. हार्नेस आधी घरात घालून सवय करावी: पहिल्या दिवशी तो फक्त जेवणाच्या भांड्याशेजारी पडलेला, दुसऱ्या दिवशी पाठीवर ठेवलेला, मग बकल लावून दोन मिनिटे. बाहेरची वेळ पहाटेची निवडावी, जेव्हा रस्ता रिकामा असतो. गल्लीतल्या कुत्र्यांना नवा कुत्रा आपल्या हद्दीत खपत नाही. त्यांची टोळी दिसली की वाट बदलावी. आणि तरीही कुत्रा सुटला, तर त्याच्यामागे धावू नये. धावणारा माणूस त्याला शिकाऱ्यासारखा वाटतो. तो जिथे शेवटचा दिसला तिथे त्याची चादर आणि खाणे ठेवावे, आसपासच्या टपरीवाल्यांना आणि वॉचमनना फोटो दाखवावा आणि पहाटे, शांतता असताना, ओळखीच्या आवाजात हाक मारावी.

शी-शूची सवय लावणे गावठी कुत्र्याच्या बाबतीत बरेचदा सोपे जाते. रस्त्यावरचा कुत्रा झोपायची जागा सहसा घाण करत नाही आणि त्याला पायाखाली माती लागते. फरशीवर त्याने केले नाही म्हणून काळजी करू नये. सोसायटीच्या बागेच्या कडेला किंवा मातीच्या तुकड्यावर रोज त्याच ठिकाणी न्यावे आणि काम झाले की लगेच खाऊ द्यावा. घरात झालेच तर ओरडून उपयोग नाही, तो फक्त माणसासमोर करायचे नाही एवढेच शिकतो, आणि मग बाहेर दोरीवरही करत नाही. फिनाईलने वास माणसापुरता झाकला जातो. एंझाइमचे क्लीनर किंवा पाण्यात मिसळलेले व्हिनेगर वापरून डाग नीट काढावा.

जेवणात पहिला आठवडा तेच द्यावे जे तो आधी खात होता, मग हळूहळू बदल करावा. दूध-पोळी आणि बिस्किटे हा मराठी घरांचा जुना परिपाठ, पण त्यात प्रथिने फार कमी असतात आणि दुधाने अनेक मोठ्या कुत्र्यांना जुलाब होतात. भात किंवा भाकरीबरोबर उकडलेले अंडे, चिकन, भोपळा, थोडे दही हे बरे. बऱ्याच दिवसांसाठी घरचेच द्यायचे असेल तर प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट विषारी आहेत. म्हणजे आमटीत कालवलेला भात आणि प्रसादाचा शिराही वर्ज्यच. शिजवलेली हाडे फुटून आतड्याला टोचतात. उपाशी राहिलेला कुत्रा भांड्याजवळ कोणी आले की ताठ होतो. भांडे काढून घेऊन ‘मालक कोण’ हे दाखवण्याचा प्रकार निखालस चुकीचा आहे. जाता-जाता भांड्यात आणखी चांगला तुकडा टाकत गेले की माणूस जवळ येणे म्हणजे लाभ, हे त्याच्या डोक्यात पक्के होते.

एकटे राहणे शिकवावे लागते. महिन्याभराची रजा काढून सतत सोबत राहायचे आणि एकदम नऊ तासांसाठी निघून जायचे, याने कुत्रा बिथरतो. दार ओरबाडतो, विव्हळतो, लाळ गाळतो. पहिल्या आठवड्यापासूनच दार लावून अर्धा मिनिट बाहेर, मग दोन, मग दहा असे वाढवावे. जाताना चघळायला काही द्यावे आणि निरोपाचा सोहळा करू नये.

दिवाळी हा दत्तक कुत्र्यांच्या पालकांसाठी वर्षातला सर्वांत कठीण आठवडा असतो. लांबचा फेरफटका दुपारीच उरकावा, संध्याकाळी खिडक्या-पडदे बंद करून आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही चालू ठेवावा. फटाक्यांनी थरथरणाऱ्या कुत्र्याला जवळ घेतल्याने त्याची भीती वाढते, ही समजूत निराधार आहे. तो जवळ येत असेल तर खुशाल घ्यावे. फारच घाबरत असेल तर पशुवैद्य त्या दिवसांपुरते औषध देतात, त्यासाठी त्यांना आठ-दहा दिवस आधी गाठावे.

कुत्रा चावला किंवा दातांचा ओरखडा उमटला, तर तो घरचा आहे, लस झालेली आहे, म्हणून सोडून देऊ नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळपास हमखास प्राणघातक ठरतो. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात. तो धडधाकट राहिला तर पुढच्या मात्रांविषयी डॉक्टर ठरवतात. हळद, चुना, मिरची असले काही जखमेत भरू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मुंबई, पुणे यांसारख्या महापालिकांत पाळीव कुत्र्याचा परवाना काढावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. तसेच मालकाने घाण उचलावी आणि इतरांना त्रास होऊ देऊ नये अशी अपेक्षाही त्यांत आहे. हलगर्जीपणामुळे कुत्र्यापासून कोणाला गंभीर इजा पोहोचण्याचा धोका निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेऊ इच्छिणाऱ्याने पालिकेकडे अर्ज करावा, कुत्र्याला खूण करून तो त्याच्या ताब्यात दिला जावा आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील, असे म्हटले. परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट आधीच पाहावी. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून भारतासारख्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांसाठी नियम कडक केले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, आणि मायक्रोचिप रेबीजच्या लसीआधी बसवलेली हवी. क्रम उलटा झाला तर ती लस धरली जात नाही.

काही वेळा सगळे करूनही जमत नाही. घरातल्या म्हाताऱ्या मांजराच्या जिवावर उठणारा कुत्रा, दमा असलेले मूल, अचानक आलेली बदली, ही कारणे खरी असतात. अशा वेळी ज्या संस्थेने कुत्रा दिला तिच्याकडेच तो परत द्यावा. दत्तक करारात बहुतेक संस्था ही अट घालतातच. संस्थेला त्याच्या सवयी लिहून द्याव्यात: कशाला घाबरतो, काय खातो, मुलांशी कसा वागतो, कोणती लस कधी झाली. पुढचे घर शोधायला त्या चार ओळींचा उपयोग होतो. आणलेल्या जागीच तर सोडायचा आहे, असे म्हणून त्याला पुन्हा गल्लीत सोडणे हा मात्र मार्ग नाही. सहा महिने घरात राहिलेल्या कुत्र्याची हद्द एव्हाना दुसऱ्या टोळीने घेतलेली असते, त्याची रहदारीची सवय मोडलेली असते, आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम ११ नुसार पाळलेला प्राणी असा वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे.